नुसत्या ‘सहमत’वर गुण कापण्याआधी

वर एका ताईंनी म्हटलंय, ऑनलाइन वर्गाच्या चर्चेत मुलं ‘सहमत आहे मॅडम’ एवढंच लिहून मोकळी होतात, त्यांचे गुण कापा. मला काही ते पटलं नाही. सांगलीत शिकवताना बघते ना, पहिल्या दोघा-तिघांनी पानभर लिहिलं की मागच्यांना उरतं काय? मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर चर्चेचा ‘प्रश्न-उत्तर’ प्रकार निवडा. त्यात स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसतच नाहीत. टाकल्यावरही आपलं उत्तर दुरुस्त करायची मुदत संपावी लागते, मगच इतरांची दिसतात. ती मुळात 30 मिनिटांची असते, कमी-जास्त करता येते. ‘सहमत’चं पीक बरंच कमी होतं.

दुसरं, मतभेदाचं. आपल्याकडे कट्ट्यावर ‘काय बी बोलतोस लेका’ म्हटलं तर समोरचा हसतो. तेच वर्गात लिहून आलं की रुसवेफुगवे, कधी पालकांचा फोनसुद्धा! म्हणून मी मुलांना सांगते, ज्याचं पटलं नाही, आधी त्याचं नेमकं वाक्य उचला, मग ते का पटलं नाही ते लिहा. नाव घेऊन लिहिलंत तर उत्तमच, कुणाला उद्देशून आहे ते कळतं.

आणि तेवढे व्हॉइस मेसेज आवरा बाबांनो. जत-आटपाडीकडच्या वस्तीवर रेंज शोधत फिरणाऱ्या पोराला चार ओळींचा मजकूर लगेच मिळतो, ऑडिओ नुसता गोल गोल फिरत बसतो.

ताई, तुमच्याकडे वर्गात किती मुलं आहेत? साठ-सत्तर असतील तर आधी गट पाडा.