मदत हवी आहे: स्ट्रॉबेरीच्या बटव्याचं तोंड नीट मिटत नाही

4 वर्षांच्या मुलीसाठी क्रोशाचा नाडीचा बटवा विणतेय. सुती दोरा, 3.5 मिमी सुई. टोकाकडून सुरुवात: मॅजिक रिंगमध्ये (ओढून घट्ट होणारा सुरुवातीचा फास) 6 मुके खांब (आखूड टाके), मग एकाआड एक फेरीत 6 वाढवत 72 टाके. पुढे 14 फेऱ्या सरळ. घेर 33 सेंमी, आकार अगदी स्ट्रॉबेरीसारखा आलाय.

अडतंय ते तोंडाजवळच्या हिरव्या भागात. नाडी ओवायच्या फेरीत 1 खांब (उंच टाका), 1 साखळी, 1 टाका सोडून 36 भोकं केली, तर चुण्या बारीक पडून गच्च गोळा होतो आणि मधे बोटभर फट उरते. 2 खांब, 2 साखळ्या, 2 टाके सोडून 18 भोकं केल्यावर तोंड छान मिटलं, पण लगेच खालच्या फेरीत विणलेली 6 पानं चुण्यांबरोबर आत वळतात. टाके 60 वर आणून पाहिले, मुलीचा हात अडकतो.

नाडी साखळीवर स्लिप स्टिच (उंची न वाढवणारा टाका) घालून केलीय, म्हणून ताणत नाही. जाडी 5 मिमी. मणी किंवा प्लास्टिकचा लॉक नको, मूल लहान आहे. धुणं मशीनमध्येच.

18 भोकं ठेवून पानं नाडीच्या किती फेऱ्या खाली घ्यावीत, की सरळ वरच्या काठाला जोडून खाली सोडावीत?