शब्दचर्चा : 'सरपंचपती'मधला पती कुठला?

प्रश्न : परवा मामाच्या गावी यात्रेच्या शुभेच्छांचा फ्लेक्स पाहिला. कोपऱ्यात तिकिटाएवढ्या फोटोत सरपंचबाई, मधोमध गॉगल लावलेले त्यांचे यजमान आणि खाली ठळक अक्षरांत 'सरपंचपती'. सेनापती, सभापती यांतला 'पती' म्हणजे प्रमुख, स्वामी. मग इथला कुठला?

प्रतिसाद : साधा नवराच हो. सरपंचाचा पती, षष्ठी तत्पुरुष. पण छापणाऱ्याला दुसरा अर्थही चालतच असणार, नाहीतर 'सरपंचांचे यजमान' छापलं असतं. :-) खरी गंमत पंचायत समितीत. तिथे पदच 'सभापती', त्यामुळे बाई निवडून आल्या की यजमान 'सभापतीपती'!

प्रतिसाद : २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हा 'राष्ट्रपती'च्या स्त्रीरूपावर बराच खल झाला होता. पदनाम आहे, ते बदलत नाही, इथेच विषय मिटायला हवा होता. पण जुलै २०२२ मध्ये काँग्रेसचे खासदार अधीर रंजन चौधरी द्रौपदी मुर्मूंना 'राष्ट्रपत्नी' म्हणाले, संसदेत गदारोळ झाला आणि शेवटी त्यांनी लेखी माफी मागितली. ऋग्वेदाच्या विवाहसूक्तात 'गृहपत्नी' म्हणजे घराची स्वामिनी. पुढे 'पती'ने दोन्ही अर्थ राखले, 'पत्नी'कडे नुसती बायको उरली.

प्रतिसाद : मराठीचा '-ईण'ही तसलाच. पाटलीण, देशमुखीण म्हणजे पाटलाची, देशमुखाची बायको. म्हणून 'सरपंचीण' म्हटलं की आमच्याकडे सरपंचाची बायकोच डोळ्यांपुढे येते. नवऱ्याच्या पदावरून बायकोला नाव ही जुनी वहिवाट. 'सरपंचपती'त ती उलटी झाली एवढंच. मात्र पाटलीणबाई चावडीवर बसून पाटीलकी करत नव्हत्या. हे महाशय थेट खुर्चीत बसतात. २०११ पासून राज्यात पंचायतींच्या निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, तरीही.

प्रतिसाद : 'कारभारीण' घ्या की. गावकारभार पाहणाऱ्या बाईसाठी तो शब्द हल्ली वापरतातही.

प्रतिसाद : शब्द झकास, पण 'आमची कारभारीण' म्हणजे पुन्हा बायकोच. माझी आजी आजोबांना 'कारभारी' म्हणायची, आणि घरातलं पान तिच्याशिवाय हलत नव्हतं.

प्रश्नकर्ता : आत्ताच मामाला फोन करून विचारलं, गावात सरपंचांना काय म्हणून हाक मारता? तो म्हणाला, "त्याला सरपंच. आन् तिला वहिनी."