डॅम्पर, अवमंदक की धक्काशोषक?

प्रश्न : भूकंपात महामार्गावरचे पूल वाचावेत म्हणून त्यांना डॅम्पर बसवतात, त्यावर लेख लिहिते आहे. 'डंपर' लिहिलं तर वाचकाला खडीची गाडीच दिसेल. 'अवमंदक' लिहू की 'धक्काशोषक'?

उत्तर : अवमंदक. पदार्थविज्ञानात डॅम्पिंगला अवमंदन म्हणतात आणि इथे घडतं तेही तेच. जाड नळकांड्यात सिलिकॉन तेल, त्यात बारीक छिद्रांचा दट्ट्या. एक टोक पुलाला, दुसरं खांबाला. भूकंपात पूल झपाट्याने हलू लागला की तेलाला छिद्रांतून घुसावं लागतं, ते अडवतं आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत जाते. तेल तापतं, हेलकावे मंदावतात. उन्हाने पूल सावकाश लांबतो तेव्हा मात्र तेच तेल फारसा विरोध करत नाही. सगळी कमाल वेगाची आहे.

प्रतिसाद : पण 'अवमंदक' वाचून कोणाला काय कळणार? गाडीच्या शॉक अब्सॉर्बरमुळे धक्काशोषक लगेच समजतो.

उत्तर : गाडीतही खड्ड्याचा दणका आधी स्प्रिंग घेते, शॉक अब्सॉर्बर त्या स्प्रिंगचं उसळणं आवरतो. म्हणजे नाव तिथेच फसवं आहे. पुलांच्या बाबतीत घोळ आणखी वाढतो, कारण शॉक ट्रान्समिशन युनिट नावाचं अगदी असंच दिसणारं नळकांडं असतं. एरवी ते सरकू देतं, अचानक हिसका बसला की घट्ट होतं आणि जोर इतर खांबांकडेही पोचवतं. ऊर्जा जिरवणं हे त्याचं काम नव्हे. लेखात दोन्ही 'धक्काशोषक' झाले तर वाचकाची दिशाभूल होईल, आणि ती मला खरंच नको वाटते.

माझं मत : पहिल्यांदा 'डॅम्पर, म्हणजे अवमंदक' असं लिहून एका वाक्यात काम सांगा, पुढे खुशाल डॅम्पर म्हणा. ग्रीसमधला रिओ-अँटिरिओ पूल उदाहरणाला घ्या. 2004 साली खुला झालेला, 2252 मीटर सलग तारांवर तोललेला. तिथे पूल आणि मनोरा यांच्यामध्ये डॅम्परच्या जोडीला फ्यूजही आहेत. वाऱ्यापावसात फ्यूज पुलाला जागेवर धरून ठेवतात. मोठा भूकंप आला की ते ठरवून तुटतात, पूल आडवा हलायला मोकळा होतो आणि डॅम्पर कामाला लागतात. जून 2008 मध्ये जवळच 6.4 तीव्रतेचा भूकंप झाला, पूल शाबूत राहिला.

प्रश्न : मग क्रियापद? 'ऊर्जा शोषून घेतो' चालेल?

उत्तर : 'जिरवतो' लिहा. शोषलेलं आत साठून राहिल्यासारखं वाटतं, इथे तर हालचालीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. 'भूकंप थोपवतो' मात्र टाळा. जमीन हलायची ती हलतेच.