घरचे जेवण कॅमेऱ्यात दिसते, हाच फायदा
मुलांच्या खाण्याच्या सवयींबद्दल पालकांना शिकवणाऱ्या ऑनलाइन वर्गांवर ‘मूल प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काय शिकवणार’ असा आक्षेप घेतला जातो. तो वजन न वाढणाऱ्या किंवा गिळताना ठसका लागणाऱ्या मुलांपुरता मान्य आहे. त्यांना डॉक्टरांकडेच न्यायला हवे. मात्र खाण्याचे नखरे करणाऱ्या मुलांबाबत आमचा अनुभव उलटा आहे. दवाखान्यात आमचा दोन वर्षांचा मुलगा शहाण्यासारखा बसत असे; मुलुंडच्या घरी फोन ओट्यावर टेकवून ठेवला, तेव्हाच ऑनलाइन वर्गाच्या प्रशिक्षिकेला दिसले की आजी चिऊ-काऊचे घास घेऊन त्याच्यामागे फिरत आहेत आणि जेवणाआधी अर्ध्या तासावर त्याने कपभर दूध संपवले आहे.

प्रशिक्षिकेने सांगितलेली जबाबदारीची विभागणी अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची: काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे पालकांनी ठरवायचे, खायचे की नाही आणि किती हे मुलाने. यातला दुसरा भाग आजींच्या पचनी पडायला महिना गेला. नवा पदार्थ मुलाने स्वीकारण्यापूर्वी तो 8-10 वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर यावा लागतो. आपण तिसऱ्याच वेळी ‘याला दुधी आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतो. आमच्याकडे दुधी अजून ताटाच्या कडेलाच असतो, पण परवा त्याने तो चमच्याने दाबून पाहिला.