अकरा टाईप-सी केबल, कुठली कशाची? ओळखायला मदत हवी आहे

मंडळी,

प्रश्न किरकोळ वाटेल, पण गेले दोन रविवार त्यात गेले आहेत, म्हणून धागा काढतोय.

घरात या घडीला अकरा टाईप-सी केबल आहेत. मोजल्या म्हणून आकडा सांगतो, नाहीतर मीही "असतील चार-पाच" म्हणालो असतो. टीव्हीखालच्या खणातून सहा निघाल्या, दोन ऑफिसच्या बॅगेत, दोन गाडीत, एक लेकीच्या उशाशी. दिसायला सगळ्या सख्ख्या बहिणी. गुण मात्र एकीचा दुसरीला नाही.

त्रास तीन ठिकाणी होतोय.

एक. बाहेरच्या एसएसडीवर जुने फोटो आणि व्हिडिओ टाकायचे होते, २०० जीबीच्या आसपास. जी केबल हाताला लागली ती लावली, तर लॅपटॉपने दीड तास दाखवला. म्हटलं डिस्क गेली. सहज केबल बदलली, तर तेच काम नऊ मिनिटांवर आलं! गंमत म्हणजे दीड तासवाली केबल चांगली जाडजूड, वरून कापडी विणीची, टोकांना धातूचं आवरण. नऊ मिनिटांवाली आखूड आणि किडकिडीत. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

दोन. लॅपटॉपचा चार्जर १०० वॉटचा आहे. एका केबलने लॅपटॉप मुकाट्याने चार्ज होतो. दुसरी लावली की कोपऱ्यात "स्लो चार्जर" असा संदेश येतो, आणि व्हिडिओ एडिट करायला बसलं की चार्जिंग चालू असताना बॅटरी उतरते. चार्जर तोच, लॅपटॉप तोच.

तीन. हे तर डोक्यावरूनच गेलं. दाढीचा ट्रिमर नव्या चार्जरला लावला, दोन्ही बाजूंना टाईप-सी असलेल्या केबलने. दिवासुद्धा लागला नाही. ती केबल फोनला उत्तम चालते. ट्रिमर मेला म्हणून टाकायला काढला होता, तेवढ्यात बायकोने जुन्या चौकोनी खाचेच्या चार्जरला लावून बघितला तर तो ठणठणीत.

केबलवर काही छापलंय का, हे भिंग घेऊन बघून झालंय. तीनवर फक्त कंपनीचं नाव, बाकी कोऱ्या. खोकी कधीच रद्दीत गेली. तर जाणकारांनी सांगा, यांच्यात नेमका फरक काय आणि घरबसल्या तो ओळखायचा कसा? शिवाय १०० वॉटचा चार्जर चुकून फोनला लावला तर फोन जळतो का? घरात यावरून दोन तट पडलेत.

प्रतिसाद

सगळ्या फेका, एक चांगली घ्या, सुखी व्हा.

धागाकर्ता

चांगली कुठली, तेच तर विचारतोय हो.

प्रतिसाद

जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

टाईप-सी हे फक्त तोंडाचं नाव आहे. हा आकार २०१४ मध्ये ठरला. आत किती तारा घालायच्या आणि त्या किती वीज व किती डेटा वाहणार, हा वेगळा हिशोब. सॉकेटमध्ये एकूण २४ जागा असतात, पण केबल बनवणाऱ्याने त्या सगळ्यांना तारा जोडायलाच हव्यात असं नाही. फक्त चार्जिंगपुरती आणि जुन्या यूएसबी २.० च्या वेगापुरती जोडणी केली तरी ती नियमात बसणारी टाईप-सी केबलच ठरते. तुमची सोनुबाई त्यातली.

यूएसबी २.० म्हणजे कागदावर ४८० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ६० एमबी. हाती पडतात सेकंदाला ३५-४० एमबी. २०० जीबीला भागून बघा, बरोबर दीड तास येतो. ५ जीबीपीएसची केबल ४०० एमबीच्या आसपास देते, तिथे तुमची नऊ मिनिटं. डिस्क निर्दोष आहे.

जाडीवर जाऊ नका. जाडी विजेच्या तारांची असू शकते, नुसत्या कापडाचीही असू शकते. लांबी मात्र थोडं सांगून जाते. जास्त वेगाचा डेटा साध्या तांब्याच्या तारेतून फार लांब जात नाही. त्यामुळे दोन मीटरची लांबलचक केबल "चार्जिंग केबल" म्हणून मिळाली असेल, तर ती बहुतेक ४८० चीच. वेगवान केबल सहसा आखूड असतात. फोन-लॅपटॉपच्या खोक्यात आलेल्या केबलकडूनही वेगाची फार अपेक्षा ठेवू नका.

आता वीज. दोन्हीकडे टाईप-सी असलेल्या कुठल्याही केबलने निदान ३ अँपिअर पेलायला हवेत, असा नियम आहे. लॅपटॉपच्या चार्जरचा दाब २० व्होल्ट. २० गुणिले ३ म्हणजे ६० वॉट. त्याच्या वर जायचं तर ५ अँपिअरची केबल लागते आणि तिच्या टोकात ई-मार्कर नावाची बारीक चिप असते. चार्जर आधी त्या चिपला विचारतो, "तुला किती झेपतं?" चिप नसली की तो ६० वॉटवर थांबतो. म्हणून तुमचा १०० वॉटवाला एका केबलवर १०० देतो आणि दुसरीवर ६०. तो बिघडलेला नाही, उलट शहाणपणाने वागतोय. ६५ वॉटच्या चार्जरचंही तेच, तोही ३ अँपिअरच्या थोडा वर जातो, म्हणून त्यालाही चिपवाली केबल हवी.

फोन जळण्याबद्दल : नाही जळणार. आधी ५ व्होल्टच येतात. फोन आणि चार्जर आपसात बोलून जे ठरवतात तेवढंच पुढे जातं. वॉटचा आकडा ही चार्जरची ऐपत, ती तो फोनवर लादत नाही. घरातला जो तट "जळतो" म्हणत होता त्याला कळवा.

धागाकर्ता

त्या तटात मीच होतो. पुढे बोला.

प्रतिसाद

ट्रिमरचं मी सांगतो, माझ्या विजेरीने मलाही असंच छळलंय.

जुन्या चौकोनी यूएसबी-ए सॉकेटमध्ये ५ व्होल्ट कायम हजर असतात, कुणी जोडलेलं असो वा नसो. टाईप-सी चार्जर तसा वागत नाही. पलीकडे खरंच उपकरण आहे याची खूण पटेपर्यंत तो वीज सोडतच नाही. खूण म्हणजे उपकरणात बसवलेले ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर, म्हणजे विजेला अडथळा करणारे बारीक सुटे भाग. ट्रिमर, विजेऱ्या, छोटे पंखे, खेळणी यांच्या कित्येक कारखानदारांनी सॉकेट टाईप-सीचं बसवलं आणि ते दोन रेझिस्टर गाळले. चार्जरला वाटतं पलीकडे कुणीच नाही. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात.

यावर कुठलीही सी-टू-सी केबल उपयोगाची नाही, कितीही भारी आणा. एका बाजूला चौकोनी ए असलेली केबल त्या ट्रिमरसाठी राखून ठेवा. ए सॉकेटवाला चार्जरच नसेल तर टाईप-सीच्या तोंडात बसणारा आणि पुढे ए सॉकेट देणारा छोटा ओटीजी जोड मिळतो. त्यात ते रेझिस्टर असतात, त्यामुळे चार्जर फसतो. चार्जर, जोड, ए-टू-सी केबल, ट्रिमर अशी आगगाडी दिसते खरी, पण चालते.

प्रतिसाद

केबलवर संशय घेण्याआधी फोनचं भोक तपासा! माझी केबल एकाच बाजूने चालायची, उलटी केली की बंद. तीन केबल बदलून झाल्या. शेवटी बॅटरीच्या उजेडात बघितलं तर तळाशी खिशातला कापूस दाबून दाबून नमद्यासारखा झालेला. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हळूच उकरला. सुई, टाचणी अजिबात नको, आतली जीभ फार नाजूक असते.

प्रतिसाद

आमच्या वेळी बारीक पिन आणि जाड पिन अशा दोनच जाती होत्या. जो तो आपापला चार्जर घेऊन फिरायचा, पण निदान चुकीचा बसायचाच नाही.

प्रतिसाद

आणि चौकोनी यूएसबी पहिल्यांदा उलटी, दुसऱ्यांदाही उलटी, तिसऱ्यांदा बसायची, तो काळ विसरलात का?

धागाकर्ता

अवांतर नंतर. ओळखायचं कसं, तेवढं सांगा कुणीतरी.

प्रतिसाद

छापील खुणा असल्या तर उत्तम. यूएसबीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये सोपी चिन्हं काढली. प्रमाणित केबलवर ६० वॉट किंवा २४० वॉट आणि ४० जीबीपीएस असे सरळ आकडे असतात. पण प्रमाणपत्र घेण्याची सक्ती नाही, म्हणून तुमच्या केबल कोऱ्या.

बाकी घरगुती चाचण्या दोन. एसएसडीला लावून एकच मोठी फाईल कॉपी करा. एकच हं! हजार बारीक फोटो घेतलेत तर चांगली केबलही रडते. वेग चाळिशीत राहिला तर यूएसबी २.०, शेकड्यांत गेला तर वेगवान. आणि १०० वॉटचा चार्जर लॅपटॉपला लावून तो संदेश येतो का बघा. वेगाची चाचणी फोनवर करू नका, कारण पुष्कळ फोनचं सॉकेटच २.० असतं. आयफोन १५ चंच बघा, साध्या मॉडेलमध्ये ४८० एमबीपीएस आणि प्रोमध्ये १० जीबीपीएस, तोंड दोन्हींचं सारखंच.

टेस्टर मिळतो, व्होल्ट-अँपिअर दाखवणारा. काही ई-मार्करही वाचतात. छंद लागणार असेल तर घ्या, अकरा केबलसाठी गरज नाही.

धागाकर्ता (निकाल)

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी चाचण्या उरकल्या. अकरापैकी वेगवान निघाली फक्त एक, तीच किडकिडीत. लॅपटॉपला पूर्ण वीज देणाऱ्या दोन. सात नुसत्या ४८० च्या आणि ६० वॉटच्या. उरलेली एक डेटाच देत नाही, लॅपटॉपला डिस्क दिसतसुद्धा नाही. ती विजेरीबरोबर आली होती असं आता आठवतंय.

प्रत्येकीच्या टोकाला कागदी चिकटपट्टी गुंडाळून मार्करने लिहिलं : "डेटा", "लॅपटॉप", "साधी", "मुकी". ट्रिमरची ए-टू-सी वेगळ्या डबीत ठेवली.

आज सकाळी "डेटा" जागेवर नव्हती. लेकीच्या खोलीत सापडली, तिच्यावर इअरफोनची डबी चार्ज होत होती. चिकटपट्टी सोलून काढलेली. म्हणे हाताला चिकटते.