रिकॉइलला मराठीत काय म्हणावं? (आणि 'घसारा' कुठून आला?)

केदार_ओहायो
नमस्कार मंडळी, एका शब्दावर अडलोय: रिकॉइल, म्हणजे बार उडताच पिस्तूल झटक्यात मागे येतं ते. इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी माझ्या छंदावर लेख लिहिला. माझ्याकडे १९११ आहे. हे सालही आणि पिस्तुलाचं नावही: जॉन ब्राउनिंगची रचना, अमेरिकी सैन्यानं त्या वर्षी स्वीकारलेली, .४५ ची गोळी. बार उडाल्यावर मागेपुढे होणारे भाग झिजतात कसे आणि 'अपग्रेड' म्हणून जे विकलं जातं त्यातलं घेण्यासारखं काय, एवढाच विषय. मी लिहिलं होतं, "रिकॉइल स्प्रिंग बसली की फ्रेमला ठोके बसतात." संपादकांनी केलं, "प्रतिक्षेप-कमान शिथिल झाल्यास सांगाड्यावर आघात होतात." शिवाय 'झीज' खोडून सगळीकडे 'घसारा'!
सांगलीला बाबांना पाठवलं. त्यांची तीस वर्षं लेथवर गेली. वाचून लगेच फोन: "अरे, पिस्तुलाला कमान कुठं असते? आणि घसारा काय काढलास, सी.ए. झालास की काय?"
तर रिकॉइलला नेमकं काय म्हणावं?

कानामात्रा
संपादकांचं बरोबर आहे. 'प्रतिक्षेप' शाळेत शिकलोय आपण. पिस्तूल १.१ किलो, गोळी १५ ग्रॅम, गोळीचा वेग सेकंदाला २५० मीटर, तर पिस्तुलाचा प्रतिक्षेप वेग किती? सुमारे ३.४ मीटर. तयार शब्द असताना रिकॉइल कशाला? कमानही जुनाच शब्द, घड्याळाची कमान म्हणतोच की आपण. घसारा मात्र चुकलाच, तो ताळेबंदात शोभतो.

टिंबटिंब
मास्तर, त्या गणितात दारूच्या वायूचा वाटा धरला नाहीत. एक मार्क कापला. हलके घ्या.

लेथवाला_चिंचवड
केदारराव, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. 'बसली' हाच शब्द ठेवा, हात जोडून सांगतो. स्प्रिंग शिथिल होत नाही, बसते. तुटलेली नसते, वरून धडधाकट दिसते, पण नव्या स्प्रिंगशेजारी उभी केली की उंचीला कमी भरते. शॉपमध्ये पोरगंसुद्धा सांगेल, "बसलीय ही, बदला." आणि कमान म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे ट्रकचे पाटे येतात.

केदार_ओहायो
अगदी तेच! नवी आणि जुनी शेजारी ठेवूनच बघतो मी. पाच इंची नळीच्या १९११ ला १६ पौंडांची स्प्रिंग येते, म्हणजे सव्वासात किलोचा दाब. दोन-तीन हजार गोळ्यांनंतर मी बदलून टाकतो, डब्यातला सर्वात स्वस्त भाग तोच. बसलेली तशीच वापरली तर स्लाईड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) जोरात मागे येऊन फ्रेमवर आदळते आणि छिन्नीचं डोकं हातोडीनं पसरतं तशा कडा पसरतात.

डॉ_अनामिका
'प्रतिक्षेप'ला माझी हरकत. प्रतिक्षिप्त क्रिया म्हणजे गुडघ्यावर टकटक केल्यावर पाय उडतो ती. माझी भाची कोल्हापूरला नेमबाजी शिकते. आवाज व्हायच्या आधीच डोळे मिटून मनगट खाली दाबायची सवय नवशिक्यांना असते, ती खरी प्रतिक्षिप्त क्रिया. उद्या फलकावर "प्रतिक्षेप टाळा" लिहिलं तर पोरीनं टाळायचं काय, स्वतःचं दचकणं की पिस्तुलाचं मागे येणं?

कानामात्रा
प्रतिक्षेप आणि प्रतिक्षिप्त वेगळे शब्द आहेत, डॉक्टर.

डॉ_अनामिका
कोशात आहेत. पंधरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात नाहीत.

कुडाळकर
आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. माकडं नि रानडुकरं. आजोबा म्हणायचे, "खांद्याक घट्ट लाव, नायतर पाठी मारतली." बंदूक 'मारते', संपला विषय. नाम कशाला हवं, क्रियापदावर भागतं.

लेथवाला_चिंचवड
+१. पण मग स्प्रिंगला 'पाठी-मारण्याची स्प्रिंग' म्हणायचं का?

केदार_ओहायो
उलट गंमत अशी की ती स्प्रिंग मागे मारतच नाही. मागे ढकलते गोळी, स्प्रिंग स्लाईडला परत पुढे आणते आणि येताना नवं काडतूस नळीत सारते. इंग्रजीतही काही जण तिला रिटर्न स्प्रिंगच म्हणतात. म्हणून 'परतीची स्प्रिंग' कसं वाटतं? या नावामुळे एक गैरसमजही जाईल. रिकॉइल स्प्रिंग म्हटलं की माणसाला वाटतं, जितकी कडक तितका धक्का कमी. मग अपग्रेड म्हणून साडेअठरा पौंडांची घालतात. मागचे ठोके कमी होतात खरे, पण तीच स्लाईड पुढे येताना जास्त जोरात आदळते, तेव्हा नळीचा खालचा कान आणि आडवी पिन मार खाते. झीज घटली नाही, बाजू बदलली. हलकी काडतुसं असतील तर स्लाईड पुरती मागेच जात नाही, रिकामं टरफल अडकतं.

लेथवाला_चिंचवड
आणि मध्ये रबर-प्लास्टिकचं काही टाकतात म्हणे?

केदार_ओहायो
हो, बफर. प्लास्टिकची चकती.

लेथवाला_चिंचवड
म्हणजे वायसर.

केदार_ओहायो
वायसरच म्हणा. चेपून फाटतं आणि त्याचे तुकडे आत अडकतात. शिवाय त्याच्या जाडीइतकी स्लाईड कमी मागे जाते. सरावाला ठीक, पण दर वेळी उघडून बघावं लागतं. माझं मत विचाराल तर ताजी स्प्रिंग आणि सरकपट्ट्यांना थेंबभर तेल, बाकी सगळी हौस. असो. परतीची स्प्रिंग चालेल का?

कानामात्रा
'परत-कमान' केलंत तर चालेल. 'स्प्रिंग' नको. सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक' दिले तेव्हाही लोक हसलेच होते.

टिंबटिंब
कमान फारसी आहे हो मास्तर. धनुष्य. 'तीर-कमान'मधली तीच. आणि शुद्धीकरणच करायचं तर पिस्तूल नि काडतूस पोर्तुगिजांकडून आलेले, तोफ तुर्की, बंदूक अरबी. लेखात उरेल काय? 'आणि', 'पण', 'परंतु'.

कानामात्रा
रुळलेले शब्द वेगळे, उसने वेगळे. घरजावई आणि पाहुणा यांत फरक असतो.

लेथवाला_चिंचवड
स्प्रिंग पाहुणी? आमच्या आजीच्या बॉलपेनमध्येही होती हो.

रानभूल
उशिरा आले, पण सगळं सोडून साधा 'धक्का' का नको? धक्क्याची स्प्रिंग.

टिंबटिंब
धक्का म्हटलं की मला बोंबील आठवतात. भाऊचा धक्का.

रानभूल
:) माझी आई म्हणायची, बोट येऊन काठाला धक्का देते म्हणून त्याला धक्का म्हणतात.

कुडाळकर
मला उलट वाटतं. लाटांचा धक्का सोसायला बांधलेली भिंत ती धक्का. गोदीतली माणसं "बोट धक्क्याला लागली" म्हणतात, "धक्का दिला" म्हणत नाहीत.

टिंबटिंब
पण भाऊ कोण? नेहमी वाटायचं की कुणीतरी दादा असेल.

कुडाळकर
लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य. लोक त्यांना भाऊ म्हणत. त्यांनी बांधला.

कानामात्रा
धक्का देशीच असणार. 'ढकलणे'शी नातं दिसतंय. शोधून लिहितो.

केदार_ओहायो
मंडळी, अंक परवा छपाईला जातोय. झीज परत घातलीय, बसली पण ठेवलंय. राहिला फक्त रिकॉइल. धक्का की परतीची?

डॉ_अनामिका
भाची म्हणते ती लोकं 'किक' म्हणतात.

कानामात्रा
'ती लोकं' नव्हे, 'ते लोक'.

रानभूल
कुडाळकर, धक्क्यावरून रेवसची लाँच अजून सुटते का? आई न्यायची लहानपणी. भरतीला लाकडी फळीवरून उतरताना जीव मुठीत.

कुडाळकर
सुटते. मोऱ्याचीसुद्धा. गाडी न्यायची असेल तर मांडव्याला आता रो-रो आहे, पण तिच्यात ती फळीची मजा नाही.