हार्ड रॉक आणि सिम्फनी: संगम की नुसती सजावट?

खर्ज

मेटॅलिका या रॉक बँडचा, सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबर वाजवलेला १९९९ चा 'एस अँड एम' अल्बम परवा रात्री सलग दोनदा ऐकला आणि अनेक वर्षं मनात असलेलं आता लिहूनच टाकतो. (आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीच्या मांडवातला गाण्यांचा कार्यक्रम आठवतो, म्हणून इथे पाश्चात्य वाद्यवृंदाला सिम्फनी म्हणतो.)

जुना, नाव कमावलेला रॉक बँड सिम्फनीबरोबर उभा राहतो तेव्हा बहुतेक वेळा सिम्फनीच्या वाट्याला शोभेचं काम येतं. माझी कसोटी साधी आहे: व्हायोलिनं, हॉर्न सगळं काढून टाका. गाणं जसंच्या तसं उभं राहतं का? राहत असेल, तर ते शेकडाभर वादक तिथे कशासाठी बसले होते?

या कसोटीला पुरून उरलेली एकच मोठी रचना मला माहीत आहे. २४ सप्टेंबर १९६९, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल. डीप पर्पल हा रॉक बँड, रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंद आणि संचालक माल्कम अर्नोल्ड. बँडचा कीबोर्डवादक जॉन लॉर्ड याने जुनी गाणी घेऊन त्यांवर तंतुवाद्यं चढवली नाहीत. बँड आणि वाद्यवृंद या दोघांसाठीच तीन भागांचा कॉन्चेर्टो (एरवी एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) लिहिला. पहिल्या भागात दोघं प्रतिस्पर्धी आहेत, एकमेकांना बोलू देत नाहीत. तिसऱ्यापर्यंत पोचता पोचता एकत्र येतात. त्यातली एक बाजू काढली तर रचनाच उरत नाही. तीस वर्षांनंतरही बाकीच्यांना एवढं का जमलं नाही?

कॅसेटवाला

खर्ज, कसोटी चुकली आहे असं स्पष्ट सांगतो. तंबोरा काढला तरी ख्याल उभा राहतो. म्हणून तंबोरा शोभेचा का?

२०११ साली ३० ऑक्टोबरला बंगळुरूला मेटॅलिका आली, तेव्हा आम्ही चौघे पुण्याहून बसने गेलो होतो. त्यांच्या प्रवेशाआधी चित्रपट-संगीतकार मोरिकोनेची 'द एक्स्टसी ऑफ गोल्ड' ही सुरावट वाजते. ती टेपवरून असते हे माहीत असूनही अंगावर काटा येतो. 'एस अँड एम'च्या सुरुवातीला तीच सुरावट सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीने समोर बसून वाजवली. इतकी वर्षं ध्वनिमुद्रित ऐकलेली गोष्ट माणसांच्या हातून वाजते आणि तिच्यातूनच बँडचं पहिलं गाणं उगवतं. याला सजावट म्हणवत नाही मला.

आणि 'एस अँड एम'चा संचालक व संगीत-संयोजक मायकल केमन काही भाड्याने आणलेला संयोजक नव्हता. मेटॅलिकाच्या १९९१ च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बममधल्या 'नथिंग एल्स मॅटर्स'साठी तंतुवाद्यांचं लेखन त्यानेच केलं होतं. 'द कॉल ऑफ क्टुलू' ऐका. त्यात गायन नाही, त्यामुळे हॉर्नना बोलायला जागा मिळते आणि ती त्यांनी पुरेपूर वापरली आहे. त्याच वादनाला ग्रॅमीही मिळालं.

चौथी_रांग

खर्ज यांच्याशी सहमत, पण कारण वेगळं. मी मुंबईत एका हौशी वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या गटात बसते. एकदा एका रॉक बँडबरोबर वाजवायचा योग आला. नाव लिहीत नाही, माणसं चांगली होती.

ड्रम्स आणि आमच्यामध्ये पारदर्शक फळी होती, तरी मला माझं स्वतःचं व्हायोलिन ऐकू येत नव्हतं. स्वर बरोबर लागतोय की नाही, हे बोटांच्या सवयीवर सोडलं होतं. वाद्यवृंदाला संचालकाच्या हाताच्या किंचित मागून स्वर उमटवायची सवय असते. रॉकवाले ड्रमच्या ठोक्यावर नेमके असतात. मग मानायचं कुणाला? संचालकाला की ड्रमरला? त्या संध्याकाळी संचालकही शेवटी ड्रमरच्या मागे गेले.

दुसरी अडचण नादाचीच आहे. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका, करकरीत करणारा परिणाम) लावलेली गिटार हळू वाजवा की जोरात, आवाजाची पातळी फारशी हलत नाही. शिवाय तिच्यातून इतके उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) निघतात की मधला पट्टा भरून जातो. व्हिओला आणि चेलो (व्हायोलिनची खालच्या सुरातली मोठी भावंडं) राहतात नेमके त्याच पट्ट्यात. सिम्फनीची खरी श्रीमंती कुजबुजीपासून गर्जनेपर्यंतच्या प्रवासात असते. तो प्रवासच बंद झाला तर तुम्हाला ऐकू काय येणार? वरून तरंगणारी व्हायोलिनं आणि मधूनमधून ट्रम्पेट. लोकांना तेवढंच आठवतं, यात त्यांचा दोष नाही.

लॉर्डने लिहिताना हे ओळखलं होतं. तो बराच वेळ दोघांना आळीपाळीने वाजवू देतो.

मावळतीकर

आळीपाळीने वाजवू देतो, हीच त्या कॉन्चेर्टोची कमजोरी आहे! दोन शेजारी गच्चीवरून एकमेकांना हाका मारतायत असं वाटतं. वाद्यवृंद थांबला की बँड, बँड थांबला की वाद्यवृंद. जुगलबंदीत एक कलाकार दुसऱ्याची जागा उचलून पुढे नेतो, ते इथे फार थोडं घडतं.

खुद्द डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर यालाही हा मार्ग पटला नव्हता. त्यानंतर १९७० मध्ये 'डीप पर्पल इन रॉक' आला, आणि बँडची खरी ओळख त्यातून झाली. रॉकला प्रतिष्ठेसाठी कोट-टाय घालायची गरज नाही. बर्लिन फिलहार्मोनिकसारखा वाद्यवृंद २००० साली स्कॉर्पिअन्स या रॉक बँडबरोबर वाजवतो तेव्हा वाद्यवृंदाचा मान कमी होत नाही, आणि बँडचाही वाढत नाही. गाणी तीच राहतात. मेलबर्नला २००३ मध्ये चेहरे रंगवून वाजवणाऱ्या किस या बँडबरोबर वाजवणाऱ्या वादकांनीही तोंडं रंगवली होती. तो निदान मोकळेपणाने केलेला सोहळा होता, म्हणून मला तो जास्त आवडतो.

खर्ज

मावळतीकर, प्रतिष्ठेचा मुद्दा मान्य नाही. त्या रात्री कार्यक्रमात आधी अर्नोल्डची स्वतःची सहावी सिम्फनी (इथे रचना या अर्थाने) झाली, मग बँडची गाणी, मग कॉन्चेर्टो. अर्नोल्ड स्वतः लंडन फिलहार्मोनिकचा ट्रम्पेटवादक होता. तालमीत काही वादक नाकं मुरडत होते, तेव्हा त्यांना सुनावणारा हाच माणूस. तो कुणाला प्रतिष्ठा वाटायला आला नव्हता, नवी रचना नीट वाजावी म्हणून उभा राहिला होता.

आणि १९७० मध्ये त्या कॉन्चेर्टोची मूळ स्वरलिपी हरवली. मार्को दे खूय या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण ऐकून आणि चित्रफीत पाहून ती पुन्हा उभी केली, लॉर्ड आणि संचालक पॉल मान यांनी ती पुरी केली, आणि सप्टेंबर १९९९ मध्ये लंडन सिम्फनीने त्याच सभागृहात वाजवली. नुसत्या सजावटीसाठी कुणी एकेक हॉर्नचा स्वर कानाने शोधत बसत नाही.

कॅसेटवाला

हे वाचून मीही पुन्हा ऐकणार. पण २०१९ चा 'एस अँड एम २' तुम्ही वगळताय. त्यात 'द अनफरगिव्हन ३' मेटॅलिकाचा गायक हेटफील्ड एकटा गातो, बँड नाहीच, फक्त वाद्यवृंद. तुमची कसोटी उलटी लावा: इथे बँड काढलाय आणि गाणं आणखी उघडं, आणखी दुखरं झालंय. आणि सिम्फनीचा प्रमुख डबल बासवादक स्कॉट पिंगल, मेटॅलिकाचा जुना बासवादक क्लिफ बर्टन याचा बास सोलो त्याच्या डबल बासवर वाजवतो. बर्टनला बाखचं वेड होतं. १९८६ मध्ये तो बस अपघातात गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. तेहतीस वर्षांनी त्याचेच स्वर एका सिम्फनीवाल्याच्या हातून येतात आणि थोड्या वेळाने मेटॅलिकाचा ड्रमर लार्स ड्रम्सवर त्याला येऊन मिळतो. मी हे पाहताना रडलो आहे.

चौथी_रांग

पिंगलचं वादन आत्ता पाहिलं. इथे डिस्टॉर्शन त्याच्याच वाद्यावर आहे, म्हणजे मी म्हणत होते ती नादाची अडचण मध्ये येतच नाही. हे मला पूर्ण मान्य.

मात्र त्याच अल्बममधली वेगवान गाणी हेडफोन लावून ऐका आणि व्हिओला शोधून दाखवा. मी तीनदा प्रयत्न केला. तिथे माणसं बसलेली दिसतात, गज हलताना दिसतात.